पाहुण्यांच्या गाडीचं चाक

त्यांनी मला खोली भाड्यानं दिली ती माझ्या स्कूटीकडं बघून.

मी बिलोलीहून लातूरला नव्यानं नोकरीला आले होते, सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये. औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत 'वरची खोली देणे आहे, नोकरदार महिलांना प्राधान्य' अशी पाटी दिसली म्हणून थांबले. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून एक गृहस्थ बाहेर आले. हात कोपरापर्यंत काळे, चष्मा कपाळावर, एक पाय जरासा ओढत चालणं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, 'म्हणजे तुमच्यात कोण?' हेही विचारलं नाही. लातुरात खोली शोधत फिरलेल्या कोणत्याही पोरीला विचारा, हे किती दुर्मीळ आहे ते ती सांगेल. ते सरळ माझ्या स्कूटीपुढं उकिडवे बसले, पुढच्या चाकाच्या डिस्कवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि वर बघून म्हणाले, "सबुरीनं चालवता तुम्ही. या राहायला."

"भाडं किती?"

"ते घरात विचारा. मी फक्त माणूस बघतो."

खरं सांगायचं तर मी पुढचा ब्रेक कधी लावतच नव्हते. लावला तर उलटून पडेन अशी भीती वाटायची. डिस्क गुळगुळीत राहिली होती ती माझ्या भित्रेपणामुळं. पण खोली हवेशीर होती, गच्चीला लागून होती, म्हणून मी माझ्या सबुरीबद्दल काही बोलले नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काकांचं शास्त्र कच्चं नव्हतं, त्यांचे निष्कर्ष तेवढे कच्चे असायचे.

सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणायची. बसडेपोच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर माणसं घरावर दुसरा मजला चढवतात, नाहीतर गावाकडं जाऊन भावाशी बांधावरून भांडतात. काकांनी हैदराबादला भंगारबाजारात जाऊन ब्रेकची एक जुनी लेथ आणली. काकूंना वाटलं टेम्पोतून फ्रीज आला.

त्या लेथवर काय होतं ते मला पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावं लागलं. समजून घेईपर्यंत ते कुणाला सोडायचे नाहीत. गाडीच्या चाकाच्या आत ताटाएवढी एक बिडाची डिस्क असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. वापरून वापरून डिस्कवर चरे पडतात, ती कुठं जाड तर कुठं बारीक होते, आणि मग ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरतं. अशी डिस्क काढायची, लेथवर चढवायची, आणि फिरवत फिरवत दोन्ही अंगांनी केसाएवढा थर कापून पुन्हा सपाट करायची. मात्र जाडी शिल्लक असेल तरच. फार बारीक झालेली डिस्क काका कापायचेही नाहीत आणि परतही द्यायचे नाहीत. "नेऊन पुन्हा बसवशील तू," असं म्हणून ती ठेवून घ्यायचे. घरातल्या पाण्याच्या प्रत्येक पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून अशी एकेक जप्त केलेली डिस्क होती.

मशीन सुरू करण्याआधी भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंवर ते धुतलेला पंचा टाकायचे, बिडाचा चुरा उडू नये म्हणून. मग मशीन किंचाळायला लागायची. तिच्या आवाजात शेजारच्या बाईंची टीव्हीवरची मालिका रोज बुडायची. बाई तक्रार घेऊन आल्या की काका म्हणायचे, "ताई, तुमच्या मालिकेतली माणसं मरून पुन्हा जिती होतात. रस्त्यावरची होत न्हाईत."

त्यांचं सगळं बोलणं असंच, शेवटचा शब्द स्वतःकडं ठेवून केलेलं. कुणी गिऱ्हाईक "काका, जरा लवकर" म्हणालं की संपलं. "घाई हाय? मग ब्रेक कशाला पाहिजे तुला? काढून टाकू का?" तो गेला तर जाऊ द्यायचे. बहुतेक जण जात नसत, कारण काम चोख होतं. शेडबाहेरच्या बाकड्यावर मोठमोठी माणसं शाळेतल्यासारखी गप्प बसून राहायची.

काकूंशी त्यांचं भांडण पाण्यावरून असायचं. आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. काकांचा नियम असा की कापलेली डिस्क साबणाच्या पाण्यानं धुवायचीच, नाहीतर चुरा पॅडमध्ये रुततो.

"माणसांना आंघोळीला पाणी न्हाई," काकू ओरडायच्या, "अन् हे लोखंडाला न्हाऊ घालून राहिलेत!"

"लोखंड न्हाई, बीड हाय ते."

"बीड असू द्या न्हाईतर परभणी असू द्या, बादली ठेवा खाली!"

शेवटी काका स्वतः एक दिवसाआड आंघोळ करू लागले आणि वाचलेलं पाणी डिस्कना देऊ लागले. काकूंचा विजय झाला की पराभव, हे काकूंनाही सांगता आलं नसतं.

ओढत चालणाऱ्या पायाचीही गोष्ट होती. काका स्वतः मोपेड चालवायचे, इतकी हळू की शाळेतली पोरं सायकलवरून त्यांना मागं टाकून 'जय भीम काका' म्हणत पुढं जायची. एकदा गांधी चौकात मांजर आडवं आलं. काकांनी ब्रेक लावला आणि मोपेड जागच्या जागी थांबली. मागची रिक्षा थांबली नाही. हाड जुळून यायला फार दिवस लागले, पण काका ती गोष्ट सांगताना खुश असायचे. "मी थांबलो," ते म्हणायचे. "थांबलो का न्हाई? मांजराला इचारा."

डिस्क बघून माणूस ओळखता येतो, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. लोक हात दाखवतात, पत्रिका दाखवतात, काका चाक काढायचे. एका डॉक्टरांच्या गाडीची डिस्क बघून त्यांनी 'हा माणूस चिडका हाय' असं ठरवलं आणि मूळव्याध सहन केली, पण त्यांच्याकडं गेले नाहीत. सुजाता, त्यांची एकुलती एक मुलगी, या सगळ्यावर हसायची. ती औसा तालुक्यात कृषी सहायक होती, दिवसभर शेतांतून फिरायची आणि बापासारखीच कुणाला भ्यायची नाही. संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर बसायचो. "माझ्या लग्नात पप्पा नवरदेवाला ओवाळणार न्हाईत," ती म्हणायची, "जॅक लावतील."

तिनं हे गमतीनं म्हटलं होतं.

पाहुणे नांदेडहून आले. मुलगा पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता, विष्णुपुरीला घर. बरोबर आई आणि वडील. वडील, म्हणजे सर, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ताठ कणा, कडक इस्त्री, आणि समोरचा वर्गच आहे अशा थाटात बोलणं. गाडी दाराशी लागली तेव्हा काकूंनी काकांना आत कोंडून पांढरा शर्ट घालायला लावला होता, त्यामुळं गाडी कुणी चालवत आणली ते काकांनी पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालत होते.

बोलणं छान चाललं होतं. सुजातानं पोहे नेले. सरांनी तिला मातीच्या प्रकारांवर दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं देऊन त्यांनाच उलटा एक विचारला. ते प्रसन्न झाले. तेवढ्यात काकूंच्या लक्षात आलं की काका खुर्चीत नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बघितलं, तर काका पाहुण्यांच्या गाडीपुढं उकिडवे बसले होते.

काका दारात आले तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या बाह्या काळ्या झाल्या होत्या.

"गाडी कोण चालवतं?" त्यांनी विचारलं.

सरांनी मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच मुलगा म्हणाला, "मीच."

"मग चहा घ्या अन् निघा. हे जमायचं न्हाई."

"पप्पा!" सुजाता म्हणाली.

"डिस्क तापून तापून निळी पडलीय पुढची, दोन्ही बाजूंची. हा माणूस पार शेवटाला ब्रेक मारतो, जिवाच्या आकांतानं. जो ब्रेक उशिरा मारतो तो माफी बी उशिराच मागतो. मी पोरगी देणार न्हाई."

सर उठून उभे राहिले. "आम्ही मुलगी पाहायला आलो आहोत. गाडीची पासिंग करायला नाही! चला."

संतापून बाहेर पडणं ही एक कला आहे, आणि सरांना ती येत होती. बायको मागं, मुलगा मागं, चप्पल पायात सरकवून ते ताडताड अंगणात गेले. आणि थांबले. त्यांच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि गाडी दोन ठोकळ्यांवर अंतराळी उभी होती.

"चाकं बसवा," सर म्हणाले.

"न्हाई बसवणार," काका म्हणाले. "असल्या डिस्कवर तुम्ही माझ्या दारातून नांदेडला जाणार, अन् रस्त्यात काही झालं तर? जाडी हाय अजून. कट मारून देतो, मग खुशाल जा. सोयरीक न्हाई म्हणून काय दुश्मनी हाय का आपली?"

अशा रीतीनं ज्यांना नकार दिला त्यांनाच दुपारपर्यंत ठेवून घ्यावं लागलं. काकूंनी डोळे पुसले आणि भाकरी थापायला घेतल्या, कारण पाहुणे जेवायच्या वेळेला घरात होते आणि जात नव्हते. मुलाची आई थोडा वेळ अवघडून बसली, मग उठून काकूंच्या शेजारी वांगी चिरू लागली. सर बैठकीत एकटेच भिंतीकडं बघत बसले. समोर वर्तमानपत्र पडलेलं होतं. त्यांनी ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि परत ठेवून दिलं.

मुलगा मात्र शेडमध्ये गेला होता. काकूंनी तिथं न्यायचा चहा सुजाताच्या हाती दिला आणि मला म्हणाल्या, "तू बी जा तिच्यासंगं." लेथ फिरत होती. काका पाठमोरे, डोळे पात्यावर. त्या किंचाळण्यात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नव्हतं, म्हणून ती दोघं मोठ्यानं बोलत होती. मी ऐकायचं नाही असं ठरवून सगळं ऐकलं.

"खरंच एवढ्या उशिरा ब्रेक मारता तुम्ही?" सुजातानं विचारलं.

त्यानं घराच्या दाराकडं एकदा बघितलं. "गाडी मी न्हाई चालवत. बाबा चालवतात."

"मग तुम्ही 'मीच' कामून म्हणालात?"

"ते हो म्हणणारच होते. मग तुमचे वडील त्यांना सगळ्यांसमोर बोलले असते. त्यांना आजवर कुणी चूक दाखवली न्हाई हो. त्यांना नीट दिसत न्हाई आता. डॉक्टरकडं चला म्हटलं की दोन दिवस जेवत न्हाईत. चावी पण देत न्हाईत."

"मग नांदेडहून इथवर कसे आलात?"

"मी शेजारी बसतो अन् बोलत राहतो," तो म्हणाला. "'थांबा' म्हटलेलं त्यांना चालत न्हाई. म्हणून 'बाबा, केवढी म्हैस हाय बघा' म्हणतो. 'केवढा उसाचा ट्रॅक्टर हाय' म्हणतो. मग ते थांबतात. लोहा ते अहमदपूर मी म्हशींचं लई कौतुक केलं आज."

सुजाताला हसू आलं. त्यालाही आलं. हसताना तो एकदम वेगळा दिसायला लागला, घाबरलेला आणि दमलेला, बरेच दिवस कुणाशी हे न बोललेला. आणि मग आम्हा तिघांच्याही लक्षात आलं की त्यांचं हसणं फारच स्वच्छ ऐकू येत होतं. लेथ बंद होती. ती कधी बंद झाली ते कुणालाच कळलं नव्हतं.

काकांनी डिस्क उतरवली, दोन्ही अंगांना पॉलिशचा कागद फिरवला, साबणाच्या पाण्यात धुतली, पुसली. दुसरीही तशीच केली. डिस्क बसवल्या, चाकं चढवली, नट आवळले. मग बैठकीच्या दारात जाऊन म्हणाले, "सर, गाडी तयार हाय. ट्रायल तुम्हीच घ्या."

मुलगा पुढं झाला. "मी बसतो संगं."

"तू न्हाई," काका म्हणाले. "तू लई बोलतोस."

सरांना नाही म्हणता आलं नाही. ते चालकाच्या जागी बसले, काका शेजारी. गाडी गल्लीतून निघाली, सरळ, चांगल्या वेगानं. कोपऱ्यावर पाण्याचा निळा टँकर उभा होता, त्याच्याभोवती बायांची घागरींसह गर्दी. गाडी जात राहिली. मुलगा ओरडत पळत सुटला, "बाबा, टँकर! बाबा, थांबा!" पण काचा बंद होत्या. बाया किंचाळून बाजूला झाल्या, घागरी गडगडल्या. गाडीचं नाक खाली वाकलं, मागचं अंग वर उचललं, आणि टँकरच्या पाइपापासून वीतभर अंतरावर ती उभी राहिली.

आत दोघंही हलले नाहीत. मी धावत गेले तेव्हा काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि हँडब्रेकवरची त्यांची मूठ सुटत नव्हती. आत काय बोलणं झालं ते काकांनी नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "सर, पुढं काय हाय?" सर म्हणाले होते, "रस्ता." मग काकांनी हँडब्रेक ओढला होता, आणि त्याच क्षणी सरांनाही समोरचं निळं काहीतरी दिसून पाय पेडलवर गेला होता.

सर म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"मला आत्ताच. पोराला लई दिवसांपासून ठाऊक हाय."

सर गाडीतून उतरले. त्यांनी चावी मुलाच्या हातात दिली, त्याच्याकडं न बघता, आणि काकांच्या दंडाला धरून गल्लीतून चालत घरी आले. एक पाय ओढणारा, दुसरा चाचपडणारा. टँकरवरच्या बाया काकांना ज्या शिव्या घालत होत्या त्या दोघांनीही ऐकून घेतल्या.

सगळे जेवायला बसले. सुजाता भाकरी वाढत होती. मग काकांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता माफी मागतील.

"तरी माझी एक हरकत हाय," ते म्हणाले. "पोरगं खोटं बोललं. 'मीच' म्हणालं."

सुजातानं भाकरीची टोपली खाली ठेवली.

"तो खोटं बोलला म्हणून ते सुखरूप इथवर आले. तुम्ही खऱ्याची परीक्षा घ्यायला गेलात अन् बायांच्या अंगावर गाडी घालत होतात. पप्पा, मी तुम्हाला विचारत न्हाई. सांगून राहिले. मला हे स्थळ पसंत हाय." आणि मुलाकडं वळून, "तुमचं काय?"

मुलाच्या तोंडात घास होता. त्यानं जोरजोरानं मान हलवली.

काका बायकोकडं वळले. काकू म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघता? सगळ्या गावाच्या गाड्यांना ब्रेक लावून दिला, स्वतःच्या तोंडाला तेवढा न्हाई लावला." मुलाची आई मोठ्यानं हसली, आणि मग सर हसले. नाहीतर पुढचं काही जमलं असतं असं मला वाटत नाही.

अट सरांनीच घातली: आधी डोळ्यांचं ऑपरेशन, मग मंगल परिणय. नीट बघितल्याशिवाय सून घरात आणणार नाही, म्हणाले. मुलाला की सुनेला, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बदली नांदेडला झाली, म्हणून ऑपरेशनच्या वेळी मी तिथंच होते. काका लातूरहून आदल्या दिवशीच बसनं आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. रात्रभर ते वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले आणि नर्सला ट्रॉलीच्या चाकांबद्दल सूचना देत राहिले. सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा डॉक्टर सरांच्या डोळ्यावरची पट्टी सोडत होते. सुजाता, मुलगा, त्याची आई, सगळे पलंगाच्या एका बाजूला दाटीनं उभे होते. काका एकटेच दुसऱ्या बाजूला, स्टुलावर.

सरांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. खिडकीकडं बघितलं. बायकोकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, सुजाताकडं बघून मान डोलावली. मग मान वळवून काकांकडं बघत राहिले. कपाळावरच्या चष्म्यापासून नखांतल्या काळ्या मळापर्यंत, सावकाश, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराकडं बघावं तसं.

"हेच का ते?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, बोलायला असे आहेत तर दिसायला तरी बरे असतील."

आम्ही सगळे काकांकडं बघत होतो. उत्तर येणार याची खात्री होती. काकांनी तोंड उघडलं. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांचे डोळे भरून आले, आणि ते घाईघाईनं माझ्या हातातला डबा काढून घेऊन उघडू लागले. झाकण काही निघेना.

"जेवा, सर," ते डब्याकडं बघत म्हणाले. "गार व्हायलंय."